स्कॅन फुकट मिळतो, मग कागद कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या पियानिस्ट-कंपोझर्सच्या सह्या असलेली हस्तलिखितं मी जमवते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, नेटवर सगळं फुकट असताना त्या पिवळ्या कागदांवर पैसे का घालवतेस?

वाजवायला स्कॅन पुरतो, मीही त्यावरूनच वाजवते. पण शोपाँ या पोलिश पियानिस्ट-कंपोझरचा एफ मायनर वॉल्ट्झ (नाचाच्या तालातली पियानोची रचना) घ्या, ओपस ७० मधला, म्हणजे ७० क्रमांकाच्या रचनासंचातला, दुसरा. त्याने तो जिवंतपणी छापलाच नाही, ओळखीतल्या बायकांना स्वतःच्या हाताने लिहून भेट देत राहिला, अशा पाच प्रती तरी आजही आहेत आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. १८४२ मध्ये मादाम उरी या पियानिस्ट बाईंना एक प्रत देताना त्याने कळवलं होतं की ही तुमच्यापाशीच राहू द्या, बाहेर जायला नको. १८४९ मध्ये तो गेला आणि १८५५ मध्ये फोंताना या त्याच्या मित्राने तो वॉल्ट्झ छापून टाकला. छापील पानावर ओपस नंबर आला आणि तो कुणासाठी लिहिला होता ते पुसलं गेलं. मला नेमकं तेच हवं असतं, कुणी, कुणाला, कुठल्या गावात, कुठल्या तारखेला लिहून दिलं ते.

शोपाँ अर्थातच माझ्या बजेटच्या फार फार बाहेर आहे, फ्रांझ लिस्टही. मी त्याच काळातले मोशेलेस, थालबर्ग, हेलर, हेन्झेल्ट शोधते, आणि तेही बहुतेक अल्बममधली सुटी पानं. तेव्हा युरोपात हौशी घरांमध्ये अल्बम, म्हणजे पाहुण्यांनी लिहायची वही असायची, पाहुणा आलेला पियानिस्ट त्यात सुरावटीचे चार-आठ बार (तालाची आवर्तनं) लिहायचा, खाली सही, गाव, तारीख. मोशेलेस आधी लंडनमध्ये होता, १८४६ मध्ये कंपोझर मेंडेल्सनच्या आग्रहाने जर्मनीतल्या लाइपझिगच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, शिकवायला गेला, त्यामुळे सहीखालचं गाव बघूनच तो आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर होता ते कळतं, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं! आज हे कंपोझर कोण वाजवतं सांगा, म्हणून तर त्यांचे कागद कुणीतरी जपायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

आणि शाई. मायफळ (ओकच्या झाडावरच्या गाठी) आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची ती शाई लिहिल्यावर काळी होते, वर्षांनी तपकिरी पडते, आम्लामुळे हळूहळू कागदच खाते, जिथे पेन जोरात टेकलं तिथे कधी कधी भोकही पडतं. म्हणून माझी पानं आम्लरहित फोल्डरमध्ये, उजेडापासून लांब असतात, फ्रेम करून भिंतीवर लावायला मी कधीच तयार होत नाही.

तुम्हाला घ्यायचं असेल तर विक्रेत्याकडे पानाच्या मागच्या बाजूचा फोटो आधी मागा. त्या काळी अक्षराच्या हुबेहूब लिथो (दगडावरून छापलेल्या) प्रतीही काढायचे आणि पुढून भले भले फसतात. खऱ्या पानावर ही शाई बहुतेक वेळा मागे उमटलेली दिसते, आणि भिंगाखाली दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे ती जास्त गडद असते, लिथोत सगळीकडे सारखीच.