पैसे भरल्यानंतरचं पान

स्वतःचं संगीत विकायला वेबसाइट करून घ्यायची म्हटलं की लोक डेव्हलपरचं जुनं काम होमपेजवरून जोखतात. रंग, फोटो, फाँट. ते शेवटी बघितलं तरी चालतं. आधी त्याने केलेल्या एखाद्या साइटवरून मोबाइलवर एक गाणं विकत घ्यावं आणि पैसे कापले गेल्या गेल्या ब्राउझर बंद करावा. लिंक मेलवर आली तर पुढचं बोलणं. नाही आली, तर बहुधा डाउनलोड 'थँक यू'च्या पानाला बांधलेलं असतं. गिऱ्हाईक त्या पानावर पोचलंच नाही की पैसे गेले आणि गाणंही नाही. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, थेट साइटच्या सर्व्हरला निरोप धाडतो, तो वेबहुक. ऑर्डर त्यावर पुरी व्हायला हवी. हा निरोप कधी कधी दोनदा येतो, तेही धरून चालायचं.

मग फाइलींचं वजन. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट स्टीरिओ वेव्ह (WAV, न दाबलेली ध्वनिफाइल) मिनिटाला साधारण 10 एमबी खाते. 40 मिनिटांचा अल्बम म्हणजे 400 एमबी. 320 केबीपीएसच्या एमपी3मध्ये तोच 96 एमबी. शंभर जणांनी वेव्ह उतरवली की 40 जीबी झाले. हा भार साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटींचा सामायिक सर्व्हर) टाकू म्हणणाऱ्याने संगीताची साइट केलेली नसावी. फाइली वेगळ्या क्लाउड स्टोरेजमध्ये खाजगी ठेवायच्या आणि प्रत्येक खरेदीदाराला मुदतीची लिंक द्यायची.

'लिंक तीनदाच चालेल' ही अट मात्र जपून. फोन एकच फाइल बरेचदा तुकड्यातुकड्यांनी मागतो. सर्व्हरने प्रत्येक तुकडा एक डाउनलोड म्हणून मोजला, की पहिल्याच खेपेला 37 टक्क्यांवर लिंक बाद! चोर राहिला बाजूला, पैसे मोजणाराच अडकतो.

विकत घेण्याआधी ऐकवायच्या नमुन्याचे 30 सेकंद वेगळे कापून 128 केबीपीएसला ठेवायचे. पूर्ण फाइल लावून प्लेअर मध्येच थांबवला, तर ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये तिचा पत्ता उघडा पडतो. आणि साइट उघडताच गाणं वाजावं हा हट्ट सोडावा. आवाजासह आपोआप वाजणं ब्राउझर सहसा अडवतात.

करारात डिझाइनच्या किती फेऱ्या हे सगळे लिहितात. डोमेन, होस्टिंग आणि गेटवेचं खातं कोणाच्या ईमेलवर उघडणार, हे राहून जातं. ती तिन्ही संगीतकाराच्या नावावर, डेव्हलपरला फक्त प्रवेश. खरेदीदारांची यादी सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत, काढता यावी. डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) लावणं डेव्हलपरच्याच कामात धरावं, नाहीतर लिंकचे मेल स्पॅममध्ये जाऊन बसतात.

शेवटचा हप्ता राखून ठेवायचा: खऱ्या कार्डावर एक खरेदी, एक रिफंड, आणि रिफंडनंतर ती जुनी लिंक बंद झाली ना, हे उघडून बघेपर्यंत.