तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा घरात अजगर मावतो कसा?

पुण्याहून व्हिडिओ कॉल करणारे नातेवाईक असोत, की इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या आमच्या घरी पहिल्यांदाच चहाला आलेले मराठी कुटुंब असो, आमच्या पाळीव अजगराची, गोधडीची, पेटी नजरेस पडली की थोड्या वेळाने एक प्रश्न हमखास येतो: "एवढ्याशा घरात अजगर ठेवता, त्या बिचाऱ्याचा जीव गुदमरत नाही का?" हा प्रश्न मला कधीच खोचक वाटला नाही. मुक्या जनावराची काळजी त्यात असते आणि ती काळजी रास्त आहे. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने तिचे समाधान होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गोधडी ही नऊ वर्षांची मादी. ब्रिटनमध्ये या जातीला रॉयल पायथन म्हणतात. अमेरिकेत आणि आता भारतातही बॉल पायथन हे नाव रुळले आहे, कारण घाबरला की हा साप डोके मध्ये घेऊन स्वतःचा घट्ट चेंडू करतो. अंगावरचे तपकिरी आणि सोनेरी तुकडे आजीने शिवलेल्या गोधडीसारखे दिसतात, म्हणून माझ्या नवऱ्याने तिला हे नाव दिले. अजगर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आपल्या रानातला भलामोठा अजगर उभा राहतो. ही जात त्याची आफ्रिकेतली पुष्कळ लहान भावकी आहे. पूर्ण वाढलेली मादी साधारण 120 ते 150 सेंटिमीटर भरते आणि नर त्याहून लहान राहतो. गोधडीची लांबी 130 सेंटिमीटर आहे आणि वजन पावणेदोन किलोच्या आसपास. आमचे घर एका बेडरूमचे, भाड्याचे, जेमतेम 430 चौरस फुटांचे आहे, आणि तिला आणण्यापूर्वी घरमालकाची लेखी परवानगी घेतलेली आहे.

गुदमरण्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आधी पश्चिम आफ्रिकेत जावे लागते. घाना, टोगो, बेनिन या देशांतल्या गवताळ माळांवर हा साप दिवसभर उंदीर-घुशींनी सोडून दिलेल्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत दडून राहतो. वारूळ म्हणजे सापाचे घर, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आत अंधार, ऊब आणि ओल असते, आणि वाट इतकी अरुंद की अंगाला दोन्ही बाजूंनी भिंत टेकते. अशी भिंत टेकली की या सापाला निर्धास्त वाटते. त्यामुळे आपल्याला जी जागा कोंदट वाटते ती त्याला सुरक्षित वाटते, आणि आपल्याला मोकळी, हवेशीर वाटणारी रिकामी पेटी त्याला उघड्या माळासारखी भासते.

मात्र याच माहितीतून अनेक जण एक सोयीस्कर निष्कर्ष काढतात, आणि माझा सगळा आक्षेप त्या निष्कर्षाला आहे. बिळात राहणारा प्राणी आहे, मोठ्या जागेत तो बुजतो आणि खाणे सोडतो, तेव्हा त्याला कपड्यांच्या खणाएवढ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले तरी चालते, असे ते सांगतात. मोठ्या प्रमाणावर पैदास करणारे लोक एकावर एक रचलेल्या अशाच खणांत शेकडो साप ठेवतात, आणि लहान घरात राहणाऱ्या नवशिक्याला ही युक्ती वरदानासारखी वाटते. आपल्या भाषेनेही या समजुतीला हातभार लावला आहे. आळशी माणसाला आपण 'अजगरासारखा पडून असतो' असे म्हणतो. पण दिवसा पाहिले तर घुबडही पडूनच असते. या सापाचा दिवस रात्री सुरू होतो. आमच्याकडे अकराच्या सुमारास दिवे मालवले की लपणीच्या, म्हणजे लपायच्या जागेच्या, तोंडाशी आधी जिभेचे टोक दिसते, मग नाक, आणि मग काही मिनिटे काहीच नाही. त्यानंतर गोधडी पूर्ण बाहेर येते, काचेच्या कडेने पेटीची लांबी मोजते, आडव्या बांधलेल्या फांदीवर चढते, तिथून मान खाली सोडून पाण्याच्या भांड्यावर लोंबकळते आणि कधीकधी पहाटेपर्यंत हा फेरा चालू ठेवते. आफ्रिकेत या जातीचे नर झाडांवर चढून पक्षीही खातात. ज्याने आपला साप रात्री कधी पाहिलाच नाही त्याने तो हलत नाही असे म्हणू नये.

मोठ्या पेटीत साप बुजतो हे खरे, पण तो तिच्या उघडेपणाला बुजतो. आकाराशी त्याचे वैर नसते. लपायच्या जागा, फांद्या, सालींचे तुकडे, कृत्रिम वेल आणि सुक्या पानांचा थर यांनी पेटी गच्च भरली की दीड मीटरच्या पेटीतही तो निवांत राहतो. प्रौढ सापासाठी 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच ही पेटी मी किमान समजते. गोधडीची पेटी आम्ही मेलामाइनच्या फळ्यांची, सरकत्या काचांची आणि 150 सेंटिमीटर लांबीची केली, कारण सापाला अंग पूर्ण ताणून सरळ पडता आले पाहिजे, आणि 120 च्या पेटीत तिला ते फक्त कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरके पडूनच साधले असते. आता हिशेब पाहा. ही पेटी जमिनीवर 0.9 चौरस मीटर जागा घेते, म्हणजे दहा चौरस फुटांहूनही कमी, एकेरी पलंगाच्या साधारण निम्मी. तिच्याखाली भक्कम चौकट आहे, चौकटीत आमच्या पुस्तकांचे खण आहेत आणि वर कुंड्या आहेत. जागा नाही असे सांगणाऱ्या बहुतेक घरांत टीव्हीखालचे कपाट याहून मोठे असते.

पेटीच्या आतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून ती जरा ठासून सांगते. लपायच्या जागा किमान दोन हव्यात, दोन्ही सारख्याच आणि अंगाला लागतील इतक्या घट्ट हव्यात, आणि एक उबदार टोकाला तर दुसरी थंड टोकाला हवी. एकच जागा ठेवली तर सापाला रोज ऊब आणि सुरक्षितता यांपैकी एकाची निवड करावी लागते, आणि भित्रा साप नेहमी सुरक्षितता निवडतो. मग तो थंड टोकाच्या लपणीतच दिवस काढतो, खाल्लेले नीट पचत नाही, आणि आपण मात्र दुसऱ्या टोकाच्या तापमापकावरचा आकडा पाहून समाधानी राहतो.

उष्णतेबद्दल लिहिताना मला माझी चूक सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षी मीही तिला प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले होते आणि डब्याखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, होती. मॅटला तापमान आवरणारा थर्मोस्टॅट जोडलेला होता, पण त्याचा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारे वायरीचे टोक, मी आतल्या भुशावर नुसता ठेवून दिला होता. एका रात्री तिने फिरताना तो ढकलून थंड कोपऱ्यात नेला. थर्मोस्टॅटला वाटले डबा गार आहे, आणि मॅट रात्रभर तापत राहिली. सकाळी तिला उचलले तेव्हा पोटावरचे सात-आठ खवले तपकिरी पडून कडक झाले होते. ओठांवरच्या खळग्यांनी अंधारातही उंदराची ऊब टिपणारा हा प्राणी पोटाखालचा चटका ओळखून वेळेत बाजूला सरकेल, याचा भरवसा नसतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे अनेक फेऱ्या झाल्या आणि तीन कातींनंतर ती जागा भरून आली. डाग अजून आहे, आणि तिला हातात घेतले की माझा अंगठा आधी तिथेच जातो.

तेव्हापासून आमच्याकडे उष्णता वरून येते. पेटीच्या छताला सपाट पॅनेल आहे, प्रोब भिंतीला क्लिपने पक्का केलेला आहे, आणि थर्मोस्टॅटवर विसंबून न राहता दोन्ही टोकांना वेगळे डिजिटल तापमापक आहेत. उबदार टोकाला 32 अंश, थंड टोकाला 25 ते 26 आणि रात्री 24 च्या खाली नाही, हे आकडे मी पाळते. वरून दिवा किंवा सिरॅमिक हीटर लावला तर त्याला जाळी हवीच, कारण साप त्याला विळखा घालतो. लहान पेटीचा आणखी एक तोटा इथे ध्यानात येतो: साठ सेंटिमीटरच्या डब्यात एक टोक 32 आणि दुसरे 25 ठेवता येत नाही, सगळा डबाच तापतो किंवा सगळाच निवतो. सापाला स्वतःच्या अंगात ऊब निर्माण करता येत नाही. तो जागा बदलून ती कमी-जास्त करतो. म्हणून पेटीची लांबी हीच त्याची तापमान सांभाळण्याची सोय असते.

ओलाव्याचा प्रश्न इंग्लंडच्या हिवाळ्यात बिकट होतो, कारण रेडिएटर सुरू झाले की घरातली हवा कोरडी पडते. मी आर्द्रता 60 ते 70 टक्के ठेवते. त्यासाठी दिवसातून चारदा फवारा मारण्याची गरज नाही. नारळाचा काथ्या आणि माती यांचा चार बोटे जाड थर करून त्याच्या कोपऱ्यांत पाणी ओतले की तळ ओला आणि वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो. पृष्ठभागच ओला राहिला तर पोटाचे खवले कुजतात, आणि थंडी व कोंदट हवा एकत्र आली तर श्वासाचा आजार होतो. फळ्यांचे सांधे सिलिकॉनने बुजवावेत, पण त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नये. सगळे जुळून आल्याची पावती कात देते. कात एकसंध, मोजा उलटा काढावा तशी उतरली पाहिजे. मी ती खिडकीपाशी उजेडात धरते आणि डोळ्यांच्या जागच्या दोन पारदर्शक, वाटोळ्या टिकल्या आल्या आहेत का, ते पाहते. त्या राहिल्या तर हवा कोरडी होती हे समजावे आणि डोळ्याला नख लावण्याऐवजी आधी पेटी सुधारावी.

घरात पेटी कुठे ठेवायची हे ठरवायला आम्हाला दोन आठवडे लागले. रेडिएटरजवळ, थेट ऊन येणाऱ्या खिडकीसमोर आणि टीव्हीच्या आवाजाशेजारी ती नको. स्वयंपाकघरात तर मुळीच नको. सरकत्या काचांना कुलूप हवे, कारण हा साप शांत असला तरी फट शोधण्यात तरबेज असतो. पाण्याचे भांडे ओट्यावरच्या सिंकमध्ये धुऊ नये आणि सापाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. सासूबाई शाकाहारी आहेत, त्या मुक्कामाला येतात, आणि गोठवलेले उंदीर मटारच्या पिशवीशेजारी ठेवणे मलाही पटत नव्हते, म्हणून कपड्यांच्या कपाटात बसेल एवढा छोटा फ्रीझर घेतला. गोधडीला तीन आठवड्यांतून एक उंदीर पुरतो, तोही मेलेला, बर्फ पूर्ण वितळवून कोमट केलेला. जिवंत उंदीर सापाला चावून जबर जखमा करू शकतो, आणि उंदराचेही हाल होतात.

"एकटी कंटाळत असेल, जोडीला एक आणा," असे अनेक जण प्रेमाने सुचवतात. एका पेटीत दोन साप ठेवू नयेत. ते एकमेकांवर वेटोळे घालून बसलेले दिसतात तेव्हा आपल्याला ती माया वाटते, पण बहुतेक वेळा दोघांनाही हवी असलेली उबदार जागा एकच असते आणि थोरला धाकट्याला तिथून हळूहळू हटवत असतो. आमच्या घरात एकच पेटी नीट मावते, म्हणून आमच्या घरात एकच साप आहे. लहान घराची खरी मर्यादा मी तेवढीच मानते.

पुण्या-ठाण्याहून विचारणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. इंग्लंडमध्ये या जातीला परवाना लागत नाही, पण 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याने योग्य निवारा देण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर टाकली आहे. भारतात आपला देशी अजगर पाळणे हा गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या यादीत तो आहे, आणि वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर व 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत कोंबलेले नऊ बॉल पायथन सापडले होते. कागदपत्रांविना कोणी पिल्लू देऊ करत असेल तर ते असेच आलेले असण्याची शक्यता फार आहे, आणि ते घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वयाचाही विचार आधीच करावा. हा साप 20 ते 30 वर्षे सहज जगतो; अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने 2020 मध्ये साठी ओलांडल्यावर अंडी घातली होती. म्हणजे भाड्याची चार-पाच घरे बदलून होतील तरी तो सोबत असणार. आम्ही येत्या उन्हाळ्यात घर बदलतो आहोत. परवा नवी जागा पाहायला गेलो तेव्हा एजंट स्वयंपाकघर दाखवत होता आणि नवरा टेप घेऊन बैठकीच्या खोलीत गुडघ्यावर बसला होता. खिडकीपासून दूर, रेडिएटरच्या विरुद्ध बाजूला 164 सेंटिमीटर सलग भिंत आहे.