तात्यांचा पिवळा स्पंज

शेठजींना गाडी चार दिवसांत चकाचक हवी होती. घरी साखरपुडा, पाहुणे पुण्याहून येणार आणि दारातली काळी एसयूव्ही उन्हात बघवत नव्हती. मार्केट यार्डात हळदीची अडत असलेला माणूस, उभ्या उभ्याच सौदा करणार. "रबिंग-पॉलिश करून टाका. दरवर्षी दिवाळीला करतोच आपण. औंदा जरा लवकर."

माझं गाड्या धुण्या-पॉलिशचं सेंटर विश्रामबागच्या पुढे, सांगली-मिरज रस्त्याला. काळी गाडी आली की आमची पोरं एकमेकांकडे बघतात, कारण काळा रंग काहीच पोटात ठेवत नाही. पांढऱ्या गाडीवरही चरे तेवढेच असतात, दिसत नाहीत एवढंच. ही गाडी शेडमध्ये घेतली, बॉनेटवर एलईडी टॉर्च धरला आणि प्रकाशाच्या ठिपक्याभोवती गोल गोल बारीक जाळी उमटली. टॉर्च हलवला की जाळीही हलते. गिऱ्हाईक याला 'रंग उडाला' म्हणतं. रंग उडालेला नसतो. वरच्या पारदर्शक थराला, म्हणजे क्लिअर कोटला, हजारो चरे पडलेले असतात आणि प्रत्येक चरा उजेड भलतीकडे फेकतो.

मशीन हातात घेण्याआधी मी जाडी मोजतो. हा भाग बरेच जण गाळतात, कारण त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. छोटं यंत्र आहे, पत्र्यावर टेकवलं की रंगाची एकूण जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगतं. प्लास्टिकच्या बंपरवर ते गप्प बसतं. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा, यावरून काय ते समजा. शेठजींच्या गाडीच्या टपावर 118 आलं, दारांवर 105 ते 110. बॉनेटवर 82. पुन्हा टेकवलं, जागा बदलली. 79. उजव्या फेंडरच्या कडेला 76.

टपाला कोणी हात लावत नाही, कारण तिथे हात पोचत नाही. बॉनेट मात्र दर दिवाळीला कुठल्यातरी शेडमध्ये, लोकरीचा पॅड आणि कटिंग कंपाउंड, म्हणजे थर खरवडणारी पेस्ट, लावून घासलं गेलं होतं. तसला एक जोरकस हात दोन-चार मायक्रॉन सहज घेऊन जातो, कडेला त्याहून जास्त. चरे 'निघतात' म्हणजे काय होतं? चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खरवडला जातो. चरा तिथून जात नाही, बाकीचा थर खाली येतो.

मी शेठजींना सांगितलं, बॉनेटला कटिंग करणार नाही. दारांना हलकं फिनिशिंग करतो, बॉनेटवर चरे झाकणारं ग्लेझ लावतो, साखरपुड्याला फोटोत छान दिसेल. आणखी एकदा घासलं तर दोन-तीन उन्हाळ्यांत वरचा थर पापुद्रे सोडेल, मग रंगकामाशिवाय इलाज नाही.

"मग हे चरे पाडले कुणी?"

प्रश्न मला होता, नजर तात्यांकडे गेली.

तात्या म्हणजे त्यांचे ड्रायव्हर. साठी ओलांडलेली, पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात गाडीच्या कागदांची झेरॉक्स. गाडी रोज पहाटे धुणार, न सांगता. मी म्हटलं, स्पंजानं. शेठजी म्हणाले, "स्पंज काय आपणहून चालतो का?"

तात्यांनी डिकीतून बादलीच काढून आणली. लपवायचं काही नाही, ही त्यांची भावना. आत आठच्या आकड्याचा तो पिवळा स्पंज, जो सिग्नलला, किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर, सगळीकडे मिळतो. "दाबून बघा की मालक, लोण्यावानी हाय." शेठजींनी दाबून बघितला. मऊ होता, खोटं कशाला बोला.

इथेच सगळ्यांची फसगत होते. हाताला कळतो तो स्पंजाचा मऊपणा. रंगाला लागतो तो खडा. स्पंज कापलेला असतो, सपाट. भोकं दिसतात म्हणून वाटतं की माती आत जाईल. पाण्यानं फुगलेल्या स्पंजात खडा आत शिरत नाही, तोंडाशी अडकून बसतो. वरून तळहाताचा दाब, खाली रंग, आणि खड्याला मागे सरायला जागाच नाही. तो हात जाईल तिकडे रेघ ओढत जातो. गोल हात फिरवला की गोल रेघ.

मी तो स्पंज पांढऱ्या तामचिनीच्या ताटात पिळला. पाणी निथळू दिलं. तळाशी राखाडी गाळ आणि त्यात चमकणारे काळे कण राहिले. ताटाखालून लोहचुंबक फिरवला, तर काळ्यातले बरेच कण चुंबकामागे रांग धरून सरकले. तात्या खाली वाकून बघत राहिले. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, ब्रेकच्या डिस्कची झीज, चाकावर बसते ती. स्पंज चाकांना लावून मग बॉनेटला लावला असणार. अर्थात सगळा दोष चाकांचा नाही. आपल्याकडचा दगड काळा, बेसॉल्ट, त्याच्या मातीतही चुंबकाला चिकटणारे कण असतात. खडी क्रशरच्या रस्त्यानं एक फेरी झाली तरी दारं त्यानं भरतात. वर गळीत हंगामात चिमण्यांची काजळी. सांगलीत गाडी धुणं हे मुंबईतल्यापेक्षा वेगळं काम आहे, हे यूट्यूबवाल्यांना कोणीतरी सांगायला हवं.

शेठजींची खात्री पटावी म्हणून एक जुनी सीडी काढली. अर्ध्या भागावर तोच स्पंज, साबणाच्या पाण्यात बुडवून, दहा हात. उरलेल्या अर्ध्यावर आमचा मिट, म्हणजे हातात घालून गाडी धुवायचा मोजा, त्याच बादलीतल्या पाण्यात बुडवून. टॉर्च धरला. स्पंजाच्या बाजूला रेघांचं रान, मिटच्या बाजूला पाच-सहा पुसट रेघा. मिट म्हणजे चरे पडणारच नाहीत असं मी कोणाला सांगत नाही. कमी पडतात, खूप कमी.

मिट आमच्याकडे शेनिलचा असतो, जाड लोंबत्या धाग्यांचा, पोरं त्याला शेवया म्हणतात. खडा या धाग्यांच्या बुडाशी जातो, रंगापासून लांब, आणि बादलीत मिट हलवला की सुटून खाली बसतो. घेताना मी धागे चिमटीत धरून ओढून बघतो, सुटतात का. मनगटाजवळची शिवण आणि लेबल बघतो, कारण नायलॉनचं लेबल रंगावर चरा पाडायला पुरेसं आहे. ते पहिल्यांदा कात्रीनं उडवायचं. पाकिटावर 80 टक्के पॉलिस्टर, 20 टक्के पॉलिअमाइड लिहिलेलं असलं तर ठीक. 'जीएसएम', म्हणजे चौरस मीटरला कापडाचं वजन, किती ही बढाई सुकवायच्या टॉवेलला शोभते, मिटला तिचा फारसा उपयोग नाही. मेंढीच्या लोकरीचा मिट हाताला सगळ्यात गोड, रंगावर नुसता घसरत जातो. मी दोन पावसाळे वापरला. वाळत नाही, वास मारतो आणि आतलं कातडं कडक होतं. आपल्या हवेला तो नाही.

आणि नुसत्या मिटनं भागत नाही. आधी प्रेशरचं पाणी, मग फोम, पाच मिनिटं मुरू द्यायचा, पुन्हा पाणी. हे मला 2019 च्या महापुरानंतर पक्कं कळलं. कृष्णेचा गाळ बसलेल्या गाड्यांना हात लावायची सोय नव्हती, नुसतं पाणी मारून मारून गाळ उतरवायचा आणि मगच कापड. रोजच्या धुळीला नियम तोच, फक्त वेळ कमी. मिट वरून खाली, सरळ हातानं, दाब नाही. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत मिट खळबळायला साधं पाणी, तिच्या तळाला खडे खाली ठेवणारी जाळी. चाकांचा मिट वेगळा, वेगळ्या रंगाचा. जमिनीवर पडला तो मिट त्या दिवशी गाडीला लागत नाही, मग तो कितीही झटका. सर्व्हिस सेंटरला 'फुकट वॉशिंग' म्हणून जे करून देतात, तिथे सकाळच्या पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत बादली तीच असते. फुकट कशाला म्हणायचं त्याला? पैसे बॉनेट भरतं.

हे सगळं मी बोलत होतो तेव्हा शेठजी ताटातल्या गाळाकडे बघत होते. मग तात्यांना, पोरांच्या समोर, जे बोलायचं ते बोलले. बारा वर्षं नोकरीतला माणूस, लाखांची गाडी, आणि असंच बरंच. तात्या एकदाच म्हणाले, "मालक, रोज पाणी मारूनच पुसतोय. कोरडी कधी पुसली न्हाई." हे खरं होतं. गाडीच्या दारांवर कोरड्या फडक्याचे लांब चरे अजिबात नव्हते, मी बघितलं होतं.

मी मध्ये पडलो. शेठजींना यंत्र पुन्हा लावून दाखवलं. टपावर 118, बॉनेटवर 79. स्पंजानं चरे पाडले, मान्य. पण मधले जवळजवळ चाळीस मायक्रॉन स्पंज खात नाही, मशीन खातं. तात्यांनी आयुष्यभर धुतली असती तरी बॉनेट एवढं पातळ झालं नसतं. ते दर दिवाळीला पैसे देऊन पातळ केलेलं आहे. शेठजींनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे यानं चरे पाडले नसते तर रबिंग करावंच लागलं नसतं." हिशेब त्यांचाही चुकीचा नव्हता. अडत्याला हिशेबात हरवणं माझ्याच्यानं झालं नाही.

निकाल असा लागला: तात्यांनी गाडीला हात लावायचा नाही, फक्त चालवायची. धुवायला दर शनिवारी माझ्याकडे, महिन्याचं पॅकेज, आगाऊ पैसे. साखरपुडा झाला, फोटो छान आले.

आठवडा गेला आणि तात्या एकटेच मोटारसायकलवर आले. तो शेवयावाला मिट केवढ्याला म्हणाले. अडीचशे. त्यांनी हातात घालून पाण्यात बुडवला, बॉनेटवर नव्हे, माझ्या टेबलाच्या काचेवर फिरवला. "जड होतोय भिजल्यावर. सांधे दुखत्यात." मी त्यांना मोजा नसलेलं तसलंच छोटं पॅड काढून दिलं, हलकं, मुठीत मावणारं. जाळीची बादलीही घेतली. पैसे मोजून दिले, कमी करा म्हणाले नाहीत.

आता शनिवारी ती गाडी येते तेव्हा ती धुतलेलीच असते. चाकांच्या आतल्या बाजूपर्यंत. फोम मारला की खाली पडणारं पाणी जवळजवळ पांढरं. पहिल्या वेळी मी तात्यांकडे बघितलं, तर ते म्हणाले, "मालकास्नी सांगू नका." मी काही बोललो नाही. टॉर्च धरून बघितलं, दारांवर नवीन चरा नाही. माझ्या पोरांचं काम याहून नीट असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दोघांना तर अजून सांगावं लागतं की मिट फरशीवर टेकवू नका.

म्हणजे मी दर महिन्याला धुतलेली गाडी धुवायचे पैसे घेतो. शेठजींना सांगावं तर तात्यांचं वेगळंच काहीतरी व्हायचं. न सांगावं तर गल्ला बोचतो. बायको म्हणते तुम्ही पाणी मारता, फोम मारता, पैसे कामाचेच आहेत. तिचं म्हणणं धरून मी सध्या शनिवारी त्या गाडीचं आतलं काम जास्त करतो, सीटखालची हळद निघता निघत नाही.

गेल्या शनिवारी तात्यांनी ते पॅड दाखवायला आणलं. धागे चिकटून कडक झालेले, वास मोगऱ्याचा. शेठजींच्या घरी मशीनमध्ये पडलं होतं, बाईंनी कपड्यांबरोबर सुगंधी कंडिशनर घातला. कंडिशनर धाग्यांवर थर धरतो, मग ते पाणीही धरत नाहीत नि मातीही. मी ते चाकांसाठी ठेवायला सांगितलं आणि नवीन दिलं. "हाताने धुवा, शाम्पूनंच. सावलीत वाळवा. आणि घरात नेऊ नका."

"मग ठेवू कुठं? डिकी तर मालक बघत्यात."

आता ते माझ्याकडेच असतं, काउंटरच्या मागच्या खिळ्याला. तात्या पहाटे येऊन घेऊन जातात. शेडची एक किल्ली त्यांच्याकडे आहे.