डुलुथच्या पुढे, रांजणखळग्यांच्या वाटेने

मिनियापोलिसची आपली मंडळी 'नॉर्थ शोर'ला, म्हणजे मिनेसोटातल्या लेक सुपीरियर या महासरोवराच्या उत्तर किनाऱ्याला गेली की गूजबेरीचे धबधबे बघतात, स्प्लिट रॉकच्या दीपगृहापाशी फोटो काढतात आणि जेवायला डुलुथला परततात. दीपगृह देखणं आहेच. १९०५च्या नोव्हेंबरातल्या वादळाने जहाजांची दाणादाण उडवली, त्यानंतर १९१०मध्ये ते सुरू झालं. पण माझं ऐकाल तर तिथून गाडी वळवू नका. लेक सुपीरियर उजव्या हाताला ठेवून हायवे ६१ने पुढे चला.

माझं आजोळ पारनेर तालुक्यातलं. मळगंगेच्या जत्रेला गेलं की निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायचेच. टेम्परन्स रिव्हर स्टेट पार्कमध्ये पुलापासून थोडं वर चढले आणि चाटच पडले: तोच काळा बेसाल्ट, भोवऱ्यात गोटे फिरून फिरून कोरले गेलेले तसेच गोल खड्डे! फक्त सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा सुमारे ११० कोटींचा. आपला दगड इथे पोरसवदा ठरतो.

खरी गंमत मात्र त्याहून पुढे, जज मॅग्नी पार्कात. (हे न्यायमूर्ती एकेकाळी डुलुथचे महापौर होते आणि या किनाऱ्यावर पार्क व्हावेत म्हणून झटले.) ब्रूल नदी एका खडकापाशी दुभंगते. एक धार सरळ खाली कोसळते, दुसरी 'डेव्हिल्स केटल' नावाच्या खळग्यात शिरते आणि गायब! लोकांनी त्यात रंग ओतले, पिंगपाँगचे चेंडू टाकले अशा कथा आहेत. शेवटी २०१६मध्ये जलतज्ज्ञांनी धबधब्याच्या वर आणि खाली प्रवाह मोजला: सेकंदाला १२३ आणि १२१ घनफूट. म्हणजे पाणी जवळच खालून परत नदीलाच मिळतं. उत्तर कळल्यावरही मी कठड्याला रेलून बराच वेळ बघत राहिले.

वाटेत पायऱ्या भरपूर आहेत. आईबाबांना नेणार असाल तर परतीचा चढ लक्षात घ्या. त्यांच्यासाठी सरहद्दीवरचं ग्रँड पोर्टेज बरं. वाट सोपी, १२० फुटांचा धबधबा आणि नदीपलीकडे कॅनडा. ती जमीन ओजिब्वे या इथल्या मूळनिवासी लोकांची आहे. जूनमध्ये डास फोडून काढतात, सप्टेंबर उत्तम. विंडचीटर मात्र ऑगस्टातही हवाच.