ब्लॉक्ड अकाउंट भरलेलं, खिसा रिकामा: स्टुटगार्टमधले पहिले एकेचाळीस दिवस

२६ सप्टेंबर २०२५ला शिकायला म्हणून जर्मनीत, फ्रँकफर्टला उतरले, तेव्हा माझ्या नावावर ११,९०४ युरो होते आणि हाताशी १,५००. या दोन आकड्यांमधला फरक मला तेव्हा कळला नव्हता. कळायला ६ नोव्हेंबर उजाडला.

विमानतळाच्या खालूनच आयसीई, म्हणजे वेगवान रेल्वे मिळते, सव्वा तासात स्टुटगार्ट. तिथलं मुख्य स्टेशन कित्येक वर्षं खोदून ठेवलंय. प्लॅटफॉर्मवरून बाहेर यायला तात्पुरत्या मार्गावरून बरीच पायपीट आहे, दोन मोठ्या बॅगा असतील तर जीव जातो. हॉस्टेलमध्ये पाच रात्री, १८० युरो. १ ऑक्टोबरपासून तिघांच्या फ्लॅटमध्ये खोली.

आता पैशाचं. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचा, तेव्हा व्हिसा. महिन्याला ९९२ युरो सुटतात. पण ते सुटण्यासाठी तिथलं चालू खातं लागतं. मी निवडलेल्या बँकेला खातं उघडायला पत्त्याच्या नोंदणीचा कागद हवा होता. म्हणजे आन्मेल्डुंग. त्यासाठी घरमालकाची सही असलेलं राहत असल्याचं पत्र हवं, आणि महापालिकेची अपॉइंटमेंट. मला मिळाली १४ ऑक्टोबरची. नोंदणी झाली, खात्याचा अर्ज केला आणि मी निर्धास्त झाले.

कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पत्रांनी येतात. आठवडा झाला तरी एकही आलं नाही. खाली टपालपेटीपाशी जाऊन पाहिलं, तर तिच्यावर आधीच्या भाडेकरूचं नाव. माझं नाव कुठेच नाही! इथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. त्यात माझे आठ दिवस गेले. घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काम म्हणजे कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहायचं आणि सेलोटेपने पेटीला आणि बेलला चिकटवायचं. बॅगा नंतर उघडा.

या काळात खर्च काही थांबत नाही. ऑक्टोबरचं भाडं ४६०. इथे भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत द्यावं लागतं, त्यामुळे ६ नोव्हेंबरला पैसे सुटायच्या आतच नोव्हेंबरचंही द्यावं लागलं. डिपॉझिट वेगळं. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘थंड’ भाड्याइतकं, म्हणजे हीटिंग वगैरे वगळून. माझं थंड भाडं ३८०, म्हणजे ११४०. मालकांनी एकरकमी मागितलं होतं. पण ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे, हे एका सीनियर ताईने सांगितलं. मी तसा मेल लिहिला, ते लगेच तयार झाले. न मागता कोणी सांगत नाही. (खोली न बघता, करार हातात नसताना डिपॉझिट मात्र कोणालाही पाठवू नका. ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असं म्हणणारे भेटतात.)

हॉस्टेल, दोन भाडी, डिपॉझिटचे दोन हप्ते, दोन महिन्यांचं डॉइचलँडटिकेट (देशभरच्या लोकल गाड्या-बसचा मासिक पास) आणि वाणसामान धरून सव्वादोन हजारांच्या आसपास गेले. त्याच ताईकडून ७५० युरो उसने घेतले. मागताना घसा कोरडा पडला होता. तुम्ही निघताना ब्लॉक्ड अकाउंटखेरीज निदान २,५०० युरो मोकळे ठेवा, काही फोरेक्स कार्डवर, काही रोख.

ब्लॉक्ड अकाउंट भरतानाही एक खोच आहे. मी बरोबर ११,९०४ पाठवले, मधल्या बँकेने आपला आकार कापून घेतला आणि रक्कम १८ युरोंनी कमी पोहोचली. रक्कम पूर्ण नाही म्हणून पुष्टीपत्र नाही, आणि १८ युरो पुन्हा पाठवायला शुल्क त्याहून जास्त. शंभरेक युरो जास्तच पाठवा, ते तुमचेच राहतात. कर्ज काढणार असाल तर बँकेत आधीच बोला. फी कमी आणि राहण्याचा खर्च जास्त, हे गणित अधिकाऱ्याला चटकन पटत नाही. त्याला विद्यापीठाचं बिल हवं असतं.

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे अर्धसत्य आहे. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, सेमिस्टरची वर्गणी वेगळी. मी स्टुटगार्ट निवडलं ते विषयासाठी, त्याचा पस्तावा नाही. पण २०२५च्या दरांनी हिशेब मांडा: भाडं ४६०, आरोग्य विमा १४४ (तेविशी ओलांडली आणि मूल नाही म्हणून थोडा जास्त, हे वाचून मी हसले होते), तिकीट ५८, रेडिओ-टीव्हीच्या १८.३६ युरो वर्गणीत माझा तिसरा हिस्सा ६. उरले ३२४. त्यातून फीचे महिन्याला २५० बाजूला काढले की ७४ युरोंत महिन्याचं खाणं. म्हणजे इथे ९९२ पुरत नाहीत.

मग काम. मार्च २०२४पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातल्या ‘हिवी’च्या, म्हणजे विद्यार्थी-सहायकाच्या नोकरीचे दिवस यात मोजत नाहीत, म्हणून आधी तीच शोधा. विभागाच्या नोटिस बोर्डापेक्षा प्राध्यापकांना थेट मेल केलेली बरी. मला डिसेंबरात मिळाली. त्याआधी मिनीजॉब, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच कमाई असलेली छोटी नोकरी केली, २०२५मध्ये त्याची मर्यादा महिन्याला ५५६ युरो होती. किमान वेतन तेव्हा तासाला १२.८२, म्हणजे महिन्याला त्रेचाळीस तास. बेकरीच्या काउंटरवर पहाटे साडेपाचला उभं राहायचं, तेही मोडक्या जर्मनमध्ये. ए२पर्यंत, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत तरी भाषा शिकून या, नाहीतर नुसती भांडी घासायला मिळतात.

स्कॉलरशिपचं थोडक्यात: डाड (DAAD) या शिष्यवृत्त्या देणाऱ्या जर्मन संस्थेच्या बऱ्याच योजनांचे अर्ज साधारण वर्षभर आधी भरावे लागतात, मी उशीर केला. डॉइचलँडस्टिपेंडियम या दुसऱ्या शिष्यवृत्तीला मात्र नागरिकत्वाची अट नाही. महिन्याला ३०० युरो मिळतात, निवड विद्यापीठ करतं. मी अर्ज भरलाय.

पुढच्या सेमिस्टरची फी भरताना संदर्भाच्या रकान्यात विद्यापीठाने दिलेला आकडा जसाच्या तसा टाका. माझ्या वर्गातल्या एकाने तिथे ‘फी’ एवढंच लिहिलं. पैसे गेले, पण ते कोणाचे हे विद्यापीठाला कळेना, आणि मुदत संपायला चार दिवस उरलेले.

ताईचे ७५० फेब्रुवारीत फिटले. मार्चच्या शेवटी आमच्या फ्लॅटमध्ये नवी मुलगी येतेय. परवा खाली गेले आणि तिच्या आडनावाची पट्टी पेटीला चिकटवून आले.