आमची वाटचाल : रिमोट दाबला की चित्र

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जोडून देणारे मुंबईत पुष्कळ. दादरचं आमचं छोटं दुकानही तेच करायचं. २०१०च्या सुमारास घरच्या टीव्हीला जोडायचे लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीवर चालणारे संगणक बनवायला लागलो आणि वाट बदलली. गिऱ्हाइकं पार्ल्या-गिरगावातली, नाटकांच्या डीव्हीडी आणि नाट्यसंगीताच्या कॅसेटी हार्डडिस्कवर उतरवून घेतलेली. कीबोर्ड कुणालाच नको होता. रिमोट दाबला की चित्र दिसावं, एवढंच मागणं.

हे मागणं महागड्या ग्राफिक्स कार्डानं पुरं होत नाही. यंत्र सुरू होताना कोणता ड्रायव्हर (यंत्रातला एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) कधी उचलला जातो, यावर सगळं ठरतं.

रिमोटचं काम तेव्हा जिकिरीचं होतं. रिमोटच्या इन्फ्रारेड किरणांचे ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर, त्यामुळे कर्नल बदलला की ते पुन्हा कंपाइल करा, म्हणजे नव्यानं बांधा. त्याच वर्षी कर्नल २.६.३६ मध्ये लर्कचा, म्हणजे रिमोटचे संकेत वाचणाऱ्या या ड्रायव्हरांच्या संचाचा, पाया आत आला आणि हे ओझं हळूहळू उतरलं.

चित्राचं दुखणं मात्र खोल. आजी आधी संगणक लावणार, मग टीव्ही. काही टीव्ही बंद असताना आपली ओळखच देत नाहीत. कोणती रिझोल्यूशन, किती हर्ट्झ, कोणता आवाज चालतो, हे सांगणारी ती माहिती म्हणजे ईडीआयडी, टीव्हीच्या बाबतीत बहुधा अवघी २५६ बाइट. ती मिळाली नाही की ड्रायव्हर समजतो, पलीकडे कुणी नाही, आणि पडदा काळा. त्यावर आमचा उपाय असा : टीव्ही चालू असताना ती माहिती वाचून फाइल करायची, फर्मवेअरच्या (ड्रायव्हरला लागणाऱ्या फाइलींच्या) फोल्डरात ठेवायची, ग्रब या यंत्र सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममधल्या कर्नलच्या ओळीत तिचं नाव द्यायचं आणि एचडीएमआय आउटपुट सक्तीनं चालू ठेवायला सांगायचं. इथं एक मेख आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर लवकर उठत असेल तर त्या वेळी मूळ डिस्क अजून जोडलेलीच नसते. म्हणून ती फाइल इनिटरॅमएफएसमध्येही, म्हणजे मूळ डिस्क जोडण्याआधी कर्नल मेमरीत उघडतो त्या छोट्या गाठोड्यातही, घालावी लागते. नुसतं ग्रब बदलून भागत नाही.

आवाजाचं सोपं. एचडीएमआय आणि मदरबोर्डचं साउंड कार्ड कधी कधी आपसांत क्रम बदलतात. ड्रायव्हर उचलणाऱ्या मॉडप्रोबच्या फाइलीत एक ओळ लिहून तो पक्का करतो.

बाहेरची हार्डडिस्क भाच्यानं पुण्याला नेली, तर यंत्र सुरू होतानाची कामं लावून देणारं सिस्टमडी तिची दीड मिनिट वाट बघतं आणि मग थेट इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे नुसत्या कमांडच्या पडद्यावर, उतरतं. एफएसटॅब या डिस्कांच्या यादीत त्या डिस्कपुढे ‘नोफेल’ (नसली तरी अडू नको) लिहिलं की घर शांत. मला विचाराल तर टीव्हीच्या संगणकात यापेक्षा मोलाचा शब्द नाही.

पुढे पडद्यावर नाटकं-गाणी निवडून लावायचं सॉफ्टवेअर, एक्सबीएमसी, त्याचं नाव २०१४ साली कोडी झालं, डबे तळहाताएवढे झाले, गिऱ्हाइकांची मुलं आमच्याकडे यायला लागली. दुकानात आता वेगवेगळ्या टीव्हींच्या ईडीआयडी फाइलींचा चांगला संग्रह आहे. यंत्र घरी पोचवताना बदललेल्या प्रत्येक फाइलीची प्रत पेन ड्राइव्हवर देतो, सोबत कोणती ओळ कशासाठी बदलली याचा मराठीत छापलेला कागद. दुसऱ्या कुणाकडून दुरुस्ती करून घ्यायची असली तरी गिऱ्हाइकांना आमच्यावर अडून राहावं लागत नाही.