ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या पानावरचा आकडा

जर्मनीत मास्टर्स करायचं ठरवलं की जो तो आयईएल्टीएस, एसओपी (का शिकायचंय हे सांगणारं निवेदन) आणि ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) याबद्दल सांगतो. ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या विषयांच्या ग्रेडच्या अधिकृत कागदाचं, मागचं पान नीट वाच, असं मला कुणीही सांगितलं नाही आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्याच पानाने खाल्ला. म्हणून आधी तेच लिहिते.

जर्मनीत ग्रेड आपल्या उलट चालतो. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून ग्रेड पॉइंटची सरासरी) तिकडच्या ग्रेडमध्ये बदलायला ‘मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला’ वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि किमान पासिंग यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. माझा सीजीपीए ७.२. किमान पासिंग ४ धरलं तर ग्रेड येतो २.४, आणि ५ धरलं तर २.६८. मला हव्या असलेल्या कोर्सची अट होती २.५ किंवा त्याहून चांगला. चार वर्षांचा अभ्यास तोच, मार्कही तेच, पण त्या एका आकड्यावर मी पात्र ठरणार होते किंवा बाद होणार होते.

आमच्या बॅचला दहा पॉइंटची पद्धत होती. ओ म्हणजे १०, तिथून खाली येत पी म्हणजे ४. पी मिळाला की विषय सुटला. माझ्या ट्रान्सक्रिप्टच्या मागे मात्र जुन्या बॅचचा तक्ता छापलेला होता. त्यात शेवटची पास ग्रेड सी, पॉइंट ५, आणि त्याखाली थेट एफ. पुढच्या बाजूला एका विषयासमोर पी लिहिलेलं आणि मागच्या तक्त्यात पीची ओळच नाही! परदेशात बसून हा कागद तपासणाऱ्याने यातून काय समजायचं?

परीक्षा विभागाच्या खिडकीवर दोन्ही पानं दाखवली. “मॅडम, हा कागद छापूनच येतो. सगळ्यांना हाच देतो. आजपर्यंत कुणाची तक्रार नाही.” मी लेखी अर्ज दिला. तो म्हणे ग्रेडचा विषय असल्यामुळे शैक्षणिक विभागाकडे गेला. शैक्षणिक विभाग म्हणाला, ट्रान्सक्रिप्ट परीक्षा विभागाची, त्यांनाच विचारा. साहेब मीटिंगमध्ये, साहेब रजेवर, फाइल सहीला गेलीय, सोमवारी या. इकडे अर्जाची मुदत जवळ येत होती. जर्मनीतल्या बऱ्याच विद्यापीठांना हिवाळी सत्रासाठी १५ जुलैपर्यंत अर्ज चालतो, काहींची तारीख त्याच्याही खूप आधी असते. शिवाय काही ठिकाणी आधी युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेकडून व्हीपीडी, म्हणजे कागदांच्या पूर्वतपासणीचं प्रमाणपत्र, घ्यावं लागतं. बदललेला ग्रेड त्यातच छापून येतो, त्यामुळे तिथे चुकीचा तक्ता गेला की चूक पुढेही तशीच जाते.

त्याच खिडकीवर एक मुलगा भेटला. रात्रभर एसटीने प्रवास करून आलेला, पाठीवर सॅक, हातात चलनाची पावती. त्यालाही सोमवारच मिळाला. मी शहरात राहते, मी पुन्हा जाऊ शकत होते. त्याने काय करायचं? मला सगळ्यात जास्त संताप तेव्हा आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. मुलं परदेशी अर्ज करतात हे विद्यापीठाला माहीत आहे, ट्रान्सक्रिप्टची फी ते त्यासाठीच घेतं. मग त्या कागदावरचा तक्ता बरोबर असणं हे विद्यापीठाचंच काम आहे.

गाडी हलली ती दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे आवक क्रमांक. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नव्हती, त्यामुळे ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ हे कुणाला म्हणता आलं नाही. दुसरी म्हणजे जिन्याजवळचा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा फलक. त्यावर ट्रान्सक्रिप्ट किती दिवसांत द्यायची आणि अपील कुणाकडे करायचं, दोन्ही लिहिलेलं होतं. मी त्या फलकाचा हवाला देऊन दुसरा अर्ज लिहिला आणि सोबत आमच्या बॅचच्या ग्रेडिंगचं परिपत्रक जोडलं. ते विद्यापीठाच्याच वेबसाइटवर होतं.

हा अर्ज एका कक्ष अधिकारी बाईंच्या टेबलावर गेला. त्यांनी ट्रान्सक्रिप्ट उलटसुलट करून पाहिली, परिपत्रकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “अहो, हे तर आमचंच आहे. तक्ता चुकलाय.” तिथल्या तिथे टिपणी लिहिली. इतक्या दिवसांत दोन्ही पानं एकत्र वाचणाऱ्या त्या पहिल्याच. मग किमान पासिंग किती हे सांगणारं पत्र तयार झालं. त्याच्या पहिल्या मसुद्यात ‘पासिंग ४० टक्के’ असं आलं होतं. ते मी बदलून घेतलं, कारण फॉर्म्युल्यात टक्के नाही, पॉइंट लागतात. शेवटी लेटरहेडवर, जावक क्रमांक, सही आणि गोल शिक्क्यासह ‘कमाल १०, किमान पासिंग ४’ असं इंग्रजीत मिळालं. जिना उतरताना हात थरथरत होते, इतकं सुटल्यासारखं वाटत होतं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. एपीएस सर्टिफिकेट (आपले शैक्षणिक कागद खरे असल्याचा दाखला) भारतीय विद्यार्थ्यांच्या स्टुडंट व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. मी अर्ज केला तेव्हा त्याची फी १८,००० रुपये होती. ॲडमिशनची वाट न पाहता तो अर्ज सर्वांत आधी टाका. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे, त्याआधी ती ११,२०८ होती. म्हणून सीनिअरचा जुना मेसेज पाहून बजेट करू नका. आणि जर्मनीत शिक्षण फुकट, हेही सरसकट खरं नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो फी आहे आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून त्याहून जास्त फी सुरू केली.

कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा आणल्यावर माझ्या ओळखीतले बरेच जण जर्मनीकडे वळले. गर्दी वाढली तशी कागदांची तपासणीही कडक वाटते. व्हिसा नाकारला तर पूर्वी ‘रिमॉन्स्ट्रेशन’ करून त्याच अर्जाचा फेरविचार मागता येत होता. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता पुन्हा नव्याने अर्ज करायचा, नाहीतर तिथल्या कोर्टात जायचं. म्हणून कागद पहिल्याच फेरीत बिनचूक हवेत.

राहिलंच, ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट ईमेलने जाणार असेल तर ती कुठल्या पत्त्यावरून जाणार हे विचारून घ्या. आमच्याकडे क्लार्क स्वतःच्या जीमेलवरून पाठवायला निघाले होते. विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरूनच पाठवायला सांगा. बंद लिफाफा मागितला असेल तर जास्तीचे दोन आत्ताच करून घ्या आणि चिकटवलेल्या कडेवर शिक्का आहे ना, ते तिथेच बघा.

परवा एका ज्युनिअरने त्याच्या ट्रान्सक्रिप्टचे फोटो पाठवले. मागे अजून तोच जुना तक्ता आहे. त्याला परिपत्रकाचा क्रमांक आणि माझ्या पत्राची प्रत पाठवली आहे, आणि कुलसचिवांच्या नावे तक्ताच दुरुस्त करण्याचा अर्ज आम्ही दोघं मिळून देतोय.